ओसरीला झडपा

ओसरी आमच्या वाटणीला आली तेव्हा मला फार आनंद झाला होता. वाटूरच्या सासरच्या घराचे दोन भाग पडले, मधे विटांची भिंत उभी राहिली. विहिरीकडची मोठी बाजू थोरल्या दिरांकडे गेली. रस्त्याकडच्या दोन खोल्या आणि त्यांच्यापुढची ओसरी आम्हाला मिळाली. वर पत्रे, पुढे लाकडी खांब, खाली शहाबादी फरशी आणि समोर फाट्याकडे जाणारा रस्ता. दुपारी तिथं पाय पसरून बसायचं, ज्वारी निवडायची, येणाऱ्याजाणाऱ्याला बघायचं, एवढीच माझी हौस होती.

पण ओसरी आमची झाली ती कागदावर. रोज सकाळी आंघोळ करून, पांढरी टोपी घालून थोरले दीर यायचे आणि ओसरीवरच्या लांब सागवानी बाकावर बसायचे. बाकही आमच्याच वाटणीचा. एकेकाळी ते गावच्या सोसायटीचे चेअरमन होते. खुर्ची गेली तरी बैठकीची सवय गेली नव्हती. त्यांचं स्वतःचं दार ओसरीला लागूनच होतं, पण तिथं नुसती एक उघडी पायरी, आणि पायरीवर बसून कुणाचा दरबार भरत नाही. मग गावातली चारदोन रिकामी माणसं जमायची, पेपर वाचला जायचा, कुणाची सून कशी, कुणाचा बांध कुणी कोरला, याचे निकाल लागायचे. आतून चहा मी द्यायचा. माणसं तंबाखू थुंकायची ती मी लावलेल्या जास्वंदीच्या बुडात.

थोरल्या दिरांसमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, ही आमच्या घरची रीत. म्हणजे ते ओसरीवर असेपर्यंत मी माझ्याच दारातून चोरासारखी ये-जा करायची. आमच्या पुढच्या खोलीची खिडकी ओसरीवर उघडते. आत मी लेकीला रागावले, नवऱ्याशी बोलले, भांडं पडलं, सगळं बाहेर ऐकू जायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर बाहेर चर्चा व्हायची. नवरा एसटीत ड्रायव्हर. पहाटे गाडीवर जाणार, अंधार पडता पडता येणार. त्याला सांगितलं की तो म्हणायचा, "बसू दे गं. दादा हाय तो. त्याला काय न्हाई म्हणणार?"

मी हे सगळं सहन केलं, त्याला एक कारण होतं. लेक लहान असताना दिवाळीच्या फराळाच्या वेळी जाऊबाईंच्या चुलीवरून गुळाचा उकळता पाक तिच्या पाठीवर सांडला. घरात मी आणि जाऊबाई दोघीच, नुसत्या रडणाऱ्या. त्या वेळी थोरले दीर शेतातून आले, पोरीला ओल्या धोतरात गुंडाळून उचललं आणि रस्त्यावरची जीप थांबवून परतूरच्या दवाखान्यात नेलं. लेक वाचली. पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत गोळा झालेल्या कातडीची खूण राहिली. त्या एका दिवसासाठी मी त्यांना वर्षानुवर्षं चहा दिला. कधी साखर कमी पडू दिली नाही.

लेक मोठी झाली. परतूरला एका दवाखान्यात ड्रेसिंगच्या कामाला लागली. दुसऱ्यांच्या भाजलेल्या जखमा पुसणारी पोरगी, तिला स्वतःच्या पाठीचं काही वाटत नसे. लग्नाचं बघायला सुरुवात केली तेव्हा जाफराबादच्या माझ्या भावानं पहिलं स्थळ आणलं. पाहुणे आले, पोहे खाल्ले, हसत बोलत गेले. आठवडाभरात फोन आला की पत्रिका जमत नाही. आम्ही मानलं. पत्रिका खरंच जमत नसतात कधीकधी.

दुसरं स्थळ मंठ्याकडचं. माणसं साधी होती, मुलगा बियाण्यांच्या दुकानात. बोलणी इतकी सरळ झाली की निघताना मुलाच्या वडिलांनी माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. मुलाची आई आतल्या खोलीत लेकीला कुंकू लावत होती. नवरा गाडी वळवायला मदत करायला रस्त्यावर गेला. मी सुपारीची वाटी घेऊन खिडकीमागे उभी होते. बाहेर बाकावर थोरले दीर आणि मुलाचे वडील, दोघंच.

"तुम्ही भली माणसं दिसून राह्यलात म्हणून सांगतो," थोरले दीर हळू आवाजात म्हणाले. "आमचंच रक्त हाय, पण लपवणं बरं न्हाई. पोरीच्या पाठीवर डाग हाय."

"कसला डाग?"

"आता कसला म्हणून सांगू? वाढून राह्यलाय एवढं खरं."

"कोड?"

"मी तो शब्द काढला न्हाई हां. तुम्ही काढला."

माझ्या हातातली वाटी मी खाली ठेवली. ती वाटी मी त्यांच्या डोक्यात घातली असती म्हणून. ज्या माणसानं माझ्या लेकीला ओल्या धोतरात उचललं होतं, ज्यानं ती जखम आमच्याही आधी नीट बघितली होती, तोच हे सांगत होता. न कळून झालेली चूक समजून सोडून द्यायलाही जागा नव्हती.

मी बाहेर गेले नाही. गेले असते तर काय झालं असतं ते मला दिसत होतं. मी ओरडले असते, डोक्यावरचा पदर पडला असता, आणि ते पाहुण्यांकडे बघून म्हणाले असते, बघा, ही मुलीची आई. पाहुणे गेले. फोन यायचा तो आलाच.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो मोरीत बराच वेळ हात धूत राहिला. मग म्हणाला, "दादा असं बोलणार न्हाई. तुझं ऐकण्यात काही चुकलं असंल."

लेक स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाबा, मी पण ऐकलं. कुंकू लावून झाल्यावर आईच्या मागंच येऊन उभी होते."

नवरा खाली बसला. म्हणाला, "बोलू का मी त्याच्याशी?"

"न्हाई," मी म्हणाले. "बोलण्यात त्यांना कुणी हरवलेलं न्हाई आजवर."

त्यांनी हे का केलं, ते पुढं जाऊबाईंकडून कळलं. पहिलं स्थळ माझ्या भावानं आणलं, दुसऱ्याचं आम्ही परस्पर ठरवलं. "माझ्या ओसरीवर पाहुणे येतात आणि मला पोह्याची बशी आल्यावर कळतं," असं ते घरी म्हणाले होते. माझ्या ओसरीवर. एवढ्यासाठी त्यांनी एका पोरीच्या पाठीवर कोड काढलं.

त्यानंतरचे काही दिवस मी त्यांना चहा देतच होते, पदर पुढं ओढून. पण पदराखालून बघत होते. या माणसाचं सगळ्यात लाडकं काय आहे, याचा मी शोध घेत होते. शेत त्यांनी बटईनं दिलेलं. मुलगा पुण्याला, वर्षातून एकदा येणारा. बायकोशी ते कामापुरतं बोलत. सरळ दिसलं की या माणसाजवळ ही बैठक सोडून काहीच नाही. लोक त्यांना मानायचे ते ओसरीमुळे. ओसरी काढून घेतली तर तो नुसता टोपी घातलेला एक म्हातारा होता.

माझे वडील जाफराबादला सुतारकी करायचे. मी लग्न होईपर्यंत त्यांच्या हाताखाली काम केलं. भाऊ धाकटा, तो कामाला येईपर्यंत रंधा मारायला मीच. तिथं एका कापूस व्यापाऱ्याच्या घरी आम्ही झिलमिली बसवल्या होत्या. मुसलमानाचं मोठं घर, रस्त्याकडे लांब ओसरी, आणि बायकांना तिथं बसायचं होतं. झिलमिली म्हणजे लाकडी झडप, तिच्यात आडव्या पट्ट्या, पट्ट्या एका उभ्या दांडीला जोडलेल्या. दांडी खाली ओढली की सगळ्या पट्ट्या एकदम उघडतात, वर सारली की मिटतात. अर्धवट ठेवली तर वारा आत येतो, आतून रस्ता दिसतो आणि बाहेरच्याला आतलं काहीच दिसत नाही. काम झालं त्या दिवशी घरातली म्हातारी बाई तिथं वेताच्या मोढ्यावर बसली, दांडी ओढून बघितली आणि माझ्या वडिलांना म्हणाली, "वाह मिस्त्री, अब बाजार मेरा है, मैं बाजार की नहीं."

हे वाक्य मला कित्येक वर्षांनी आठवलं, आणि काय करायचं ते कळलं.

मी माहेरी गेले. भाऊ आता प्लायवूडची कपाटं आणि किचन ट्रॉल्या करतो, सगळं मशीनवर. वडिलांची हत्यारं त्यानं एका पत्र्याच्या पेटीत तेल लावून ठेवली होती.

"ताई, मी येतो की. दोन पोरं घेऊन येतो, जल्दी उरकून देतो," तो म्हणाला.

"पट्ट्या तेवढ्या मशीनवर काढून दे. बाकी मी करणार."

"काहून पण? एवढी मेहनत या वयात?"

मी त्याला खिडकीमागे ऐकलेलं सांगितलं. ऐकून तो उठला. पेटी ओढली आणि पटाश्यांना धार लावायला बसला. मला वाटलं होतं तो वाटूरला येऊन मारामारी करील. त्यानं धार लावली, तेच बरं केलं.

पट्ट्यांचं सागवान जालन्याहून आणलं. चौकटींना मात्र मला जुनं, मुरलेलं लाकूड हवं होतं, जे उन्हापावसात वाकणार नाही. तसं लाकूड आमच्याच ओसरीवर होतं.

सकाळी थोरले दीर टोपी नीट करत आले तेव्हा बाक उलटा पडला होता, पाय वर करून. मी एका पायाचा सांधा ठोकून सोडवत होते. डोक्यावर पदर होता. तेवढी रीत मी पाळली. मागं त्यांची माणसं येऊन उभी राहिली.

"हे काय चालून राह्यलं?" ते मला थेट कधी विचारत नसत. रस्त्याकडे बघून विचारलं.

मी लेकीकडे बघून उत्तर दिलं. "सांग मोठ्या बाबांना, झडपा करायच्यात. ओसरी बंद करून घेतोय."

"बाक बापानं केल्ता! माझ्या बापानं!"

"वाटणीत आमच्याकडं आला," लेक म्हणाली. "कागद दाखवू का?"

मी हातोडा मारला आणि पाय निखळून फरशीवर पडला. त्या आवाजानं ते मागं सरकले. मला वाटलं होतं की तेव्हाच माझं मन भरेल. नाही भरलं. उलट भूक लागल्यासारखं झालं.

त्याच दिवशी त्यांनी नवऱ्याला एसटीतून उतरल्या उतरल्या फाट्यावरच गाठलं. चार माणसं सोबत होतीच. नवऱ्यानं घरी येऊन सांगितलं, आणि नंतर दुसऱ्यांकडूनही तेच ऐकलं, म्हणून खरं मानते. थोरले दीर म्हणाले, "बायकोला समजाव. भावकीत नाक कापून राह्यली आपलं."

नवरा म्हणाला, "दादा, ओसरी तिच्या वाटणीची न्हाई, माझ्या वाटणीची हाय. अन मीच सांगून राह्यलो तिला, बसव म्हणून."

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं भावाला नाही म्हटलं, तेही खोटं बोलून. कारण त्यानं मला काहीच सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी त्याला पिठलं-भाकरीवर दोनदा तूप वाढलं.

काम सोपं नव्हतं. इतक्या वर्षांनी हातात रंधा धरला तर पहिल्या दिवशी तळहाताला फोड. चौकटीचे सांधे मी खिळे न मारता करायचे ठरवले होते: एका लाकडाला जीभ ठेवायची, दुसऱ्याला तेवढीच खाच, आणि दोन्ही एकमेकांत ठोकून बसवायचं. पहिली झडप पुरी केली, उभी केली, तर एक कोपरा बोटभर पुढं. पीळ बसला होता. थोरले दीर त्यांच्या पायरीवर उभे राहून कुणाला तरी म्हणाले, "बायका सुतारकी करून राह्यल्या. आता पुरुषांनी पोळ्या लाटा." माणसं हसली. मी झडप आडवी घातली, सगळे सांधे सोडवले आणि पुन्हा पहिल्यापासून काटकोनाचा गुण्या लावून बसले. त्या हसण्यानं मला जितकं नीट काम करायला लावलं तितकं वडिलांच्या ओरडण्यानंही कधी लावलं नव्हतं.

लेक दवाखान्यातून आली की पट्ट्या घासायला बसायची. पॉलिश पेपरनं आधी जाड, मग बारीक. पट्टीच्या दोन्ही टोकांना छोटी खुंटी ठेवायची, म्हणजे ती चौकटीत फिरते. खुंटी जाड झाली तर पट्टी अडते, बारीक झाली तर लोंबते. लेकीचा हात ड्रेसिंगचा, हलका. ते काम तिच्याकडेच दिलं. घासता घासता ती एकदा म्हणाली, "आई, पट्ट्यांचा उतार बाहेरच्या बाजूला ठेव. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला फक्त आपले वरचे पत्रे दिसतील."

"पत्रे तरी कशाला दाखवायचे?" मी म्हणाले, आणि दोन पट्ट्यांमधलं अंतर अजून कमी केलं.

समोरच्या बाजूला चार झडपा, घडी होणाऱ्या. थोरल्या दिरांच्या पायरीकडच्या बाजूला दोन. त्या दोन मी सगळ्यात शेवटी केल्या आणि सगळ्यात चांगल्या केल्या. जवसाचं तेल पाजलं. सागवानाला असा रंग चढला की रस्त्यावरून जाणारे ट्रॅक्टरवाले थांबून विचारायला लागले, कुणाच्या हातचं काम आहे. लेक मुद्दाम मोठ्यानं सांगायची, "आईच्या."

झडपा बसल्या, आतून कडी लागली. दुसऱ्या सकाळी मी आत अंधारगार ओसरीवर पाट घेऊन बसले, दांडी अर्धी ठेवून. बाहेर थोरल्या दिरांची माणसं आली. झडपांसमोर उभी राहिली. एकानं टिचकी मारून लाकूड वाजवून बघितलं. थोरले दीर आपल्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "बसा की." कुठं बसणार? ऊन वर आलं होतं. कुणीतरी म्हणालं, "चला, फाट्यावर चहा मारू," आणि सगळे गेले. ते पण उठले, मागोमाग गेले. फाट्यावरच्या हॉटेलात मात्र चहा ज्याचा त्यानं मागवायचा असतो आणि जो येईल तो खुर्ची ओढून बसतो. तिथं त्यांचं म्हणणं पुरं व्हायच्या आत कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ लावायचं. काही दिवसांनी ते तिथं बसायचे बंद झाले. हे सगळं मी पट्ट्यांमधून बघितलं, आणि ज्वारी निवडता निवडता बघितलं. त्या ज्वारीत खडा म्हणून राहू दिला नाही.

पण बोलायचं तोंड त्यांना होतंच.

तिसरं स्थळ जांब समर्थकडचं. शेतकरी माणसं, मुलगा घनसावंगीला कापड दुकान चालवणारा. मी पाहुण्यांना घरात न नेता ओसरीवरच बसवलं. सतरंजी अंथरली, झडपा मिटल्या, दांड्या वर. मुलगा, त्याचे आईवडील, एक मामा. माझा नवरा त्या दिवशी रजा टाकून घरी. पोहे यायच्या आधीच मी बोलले.

"एक गोष्ट आधीच सांगते. पोरीच्या पाठीवर भाजल्याची मोठी खूण हाय. लहानपणी पाक सांडला. आमच्याकडून लपवाछपवी न्हाई. बाहेर दुसरं काही ऐकलं असंल तर ते पण इथंच विचारा."

मुलाच्या वडिलांनी बायकोकडे बघितलं. बाई स्पष्ट बोलणारी होती. "ऐकलंय," ती म्हणाली. "आत्ताच. फाट्यावर पत्ता विचारायला थांबलो तर एकानं बाजूला घेऊन सांगितलं. कोड हाय म्हणे. खरं सांगते, मी तिथूनच परत फिरा म्हणाले होते. हेच म्हणाले, आलोय तर चहा घेऊन जाऊ."

"कोण होतं?" नवऱ्यानं विचारलं.

"नाव न्हाई सांगितलं. वयस्कर होते."

तेवढ्यात पायरीकडच्या झडपेतला उजेड गेला. पट्ट्या मिटल्या तरी त्यांच्या फटीतून उन्हाच्या बारीक रेघा फरशीवर पडतात. त्या रेघा मधोमध विझल्या. मी बघितलं, नवऱ्यानं बघितलं. लेक पोह्यांचा ट्रे घेऊन दारात उभी होती, तिनंही बघितलं. मी ठरवलं होतं की झडपा मिटलेल्याच ठेवायच्या, बाहेर त्यांना तळमळू द्यायचं. लेकीनं मला विचारलं नाही. तिनं ट्रे खाली ठेवला, सरळ चालत गेली आणि दांडी खाली ओढली.

सगळ्या पट्ट्या एकदम उघडल्या. पलीकडे अगदी लागून थोरले दीर होते, कान झडपेला लावून, डोळे मिटून. नीट ऐकू यावं म्हणून टोपी काढून हातात घेतली होती. डोळे उघडले तर समोर आम्ही सगळे.

मुलाची आई म्हणाली, "अगं बाई, हेच की ते! फाट्यावरचे."

थोरल्या दिरांनी टोपी डोक्यावर ठेवायचा प्रयत्न केला, ती तिरपी बसली. म्हणाले, "झडपा कशा झाल्या ते बघून राह्यलो होतो."

"मंग नीट बघा, मोठे बाबा," लेक म्हणाली. आवाज चढवला नाही. "अन यांना एक सांगा. मला दवाखान्यात कुणी उचलून नेल्तं? जखम कुणी बघितली पहिल्यांदा?"

ते वळले आणि पायरी चढायला गेले, तर एक चप्पल निसटून खाली राहिली. ती घ्यायला वाकले असते तर पुन्हा आमच्याकडे तोंड झालं असतं. चप्पल तशीच सोडून ते आत गेले. पट्ट्या उघड्याच होत्या. लेकीनं त्या मिटल्या नाहीत. ट्रे उचलला आणि पाहुण्यांपुढं धरला. मामांनी आधी बशी घेतली.

माझ्या लग्नात, बाळंतपणात, लेक दवाखान्यातून बरी होऊन घरी आली तेव्हा मला आनंद झाला होता. पण हा वेगळाच होता. हा गरम होता, आणि माझा एकटीचा होता. चप्पल संध्याकाळपर्यंत उन्हात पडून होती. जाऊबाई तोंडाला पदर लावून आल्या आणि घेऊन गेल्या.

जांबकडून होकार आला. लेकीनं लगेच हो म्हटलं नाही. ती मुलाला परतूरला भेटली, त्याच्याशी बोलली, मग हो म्हणाली. लग्नाला मी थोरल्या दिरांना बोलावलं. नवरा अक्षता घेऊन रीतसर त्यांच्या दारात गेला. न बोलावलं असतं तर डावलल्याची ओरड करायला त्यांना जागा मिळाली असती. ती मला द्यायची नव्हती. ते आले. मांडवात खुर्चीवर बसून राहिले, कुणी काही विचारायला गेलं नाही. नवरीच्या घरच्यांचा फोटो काढायचा म्हणून फोटोवाल्यानं हाक मारली तेव्हा ते टोपी नीट करत स्टेजकडे निघाले. मी त्यांना येताना बघितलं. मी फोटोवाल्याला म्हणाले, "झालं आमचं, आता मुलाकडच्यांना बोलवा." ते स्टेजच्या पायऱ्यांशी थोडा वेळ उभे राहिले आणि जेवणाच्या रांगेत गेले. तो फोटो आमच्या पुढच्या खोलीत लावलाय.

लोक मला सांगतात की आता झालं गेलं, सोडून दे. मंदिरात भेटणाऱ्या बायका सांगतात, माझा भाऊही म्हणतो. लेक सुखात आहे, मग आता काय उरलं? मी ऐकून घेते. खिडकीमागे उभं राहून ते बोलणं या लोकांनी ऐकलं नव्हतं, मी ऐकलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात जाऊबाई भर दुपारी माझ्याकडे आल्या. थोरले दीर आता गुडघ्यांनी अधू झालेत. घरात पत्रा तापतो म्हणून पायरीवर बसतात, तर तिथंही ऊन येतं. "एक झडप उघडी ठेव ना," त्या म्हणाल्या. "तुझ्या ओसरीच्या कडेला सावलीत बसतील. काही बोलणार न्हाईत."

"न्हाई अक्का," मी म्हणाले. "तुम्ही या, कधीही या. ते न्हाई."

त्या गेल्या. मला वाटलं आता यायच्या नाहीत. पण पुढच्याच आठवड्यात आल्या, सुपात शेंगा घेऊन. काही मागायला नव्हत्या आल्या. सतरंजीवर बसल्या, थोडा वेळ संकोचून पाय जवळ घेतले, मग हळूच लांब केले. त्यांनी त्या घरात इतकी वर्षं काढली, पण रस्त्याकडे तोंड करून मी त्यांना कधी बसलेलं बघितलं नव्हतं. शेंगा फोडायला लागल्या. दांडी अर्धी होती. पट्ट्यांमधून फाट्याकडची जीप दिसत होती, भाजीवाला दिसत होता, आणि अगदी जवळ, छत्री डोक्यावर धरून पायरीवर बसलेले थोरले दीर दिसत होते.

त्यांनी घराच्या दाराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, पाणी आण."

जाऊबाईंचा हात थांबला. माझ्याकडे बघितलं.

"अगं, ऐकून राह्यली का? कुठं गेली ही?"

जाऊबाईंनी पट्ट्यांमधून त्यांच्याकडे बघितलं. वीतभर अंतर होतं, पण त्यांना त्या दिसत नव्हत्या. मग त्यांनी एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि सावकाश चावत बसल्या.